इंग्रजीतील समतेचे शब्द : एक अभ्यास

गेल्या वर्षी, म्हणजे मी प्रथम वर्षात असताना, अनिवार्य इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत स्वतःच्या कुटुंबाविषयी पाच वाक्ये बोलावयाची होती. वाक्ये मी आदल्या रात्री पाठ केली होती. 'माय फादर इज अ फार्मर' हे ठणठणीत म्हटले. 'माय मदर इज अ हाउसवाइफ' हेही म्हटले. सरांनी विचारले, 'डज शी वर्क?' मी म्हणालो, 'नो, सर.' दहापैकी सात गुण मिळाले आणि मी आनंदाने घरी गेलो.

घरी ताईला सारी हकीगत सांगितली. तिने वाक्यांचा अर्थ विचारला, तोही सांगितला. आई तेवढ्यातच शेतातून आली होती. दुसऱ्याच्या वावरात दिवसभर कापूस वेचून. कमरेची ओटी अजून सोडायची होती. ताई तिच्याकडे पाहून हसली व मला म्हणाली, 'काऊन रे, मग ही आता कुठून आली?'

माझे वाक्य व्याकरणाने बिनचूक होते, पण अर्थाने खोटे होते. त्या दिवसापासून मी एक वही केली. यंदा द्वितीय वर्षात आमच्या गटाला इंग्रजी चर्चेसाठी 'स्त्रीपुरुष समता व सामाजिक न्याय' हा विषय मिळाला, तेव्हा वही आणखी वाढली. तिच्यातले काही शब्द वाचक विद्यार्थीमित्रांपुढे ठेवीत आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. इंग्रजीचा जाणकार मी नव्हे. चुका आढळल्यास गुरुजनांनी त्या दाखवाव्यात.

प्रथम एक साधी अडचण सांगतो. आपण शब्दकोशात इंग्रजी शब्द पाहतो, समोरचा मराठी शब्द लिहून घेतो आणि शब्द आला असे समजतो. 'डिस्क्रिमिनेशन' हा शब्द मी असाच घेतला. जुन्या कोशात त्याचा पहिला अर्थ 'तारतम्य' असा होता, 'भेदभाव' हा त्यानंतर. दोन्ही अर्थ खरे आहेत, कारण मूळ कल्पना 'वेगळे ओळखणे' ही आहे. फरक वाक्यात कळतो. अन्यायाचा अर्थ हवा असेल तर त्यापुढे बहुधा 'अगेन्स्ट' येते. म्हणून आता मी शब्द एकटा लिहीत नाही, सोबतच्या शब्दासह लिहितो : 'डिस्क्रिमिनेशन अगेन्स्ट', 'ॲक्सेस टू', 'राइट टू'. ही सवय परीक्षेतही उपयोगी पडते.

दुसरी जोडी 'सेक्स' आणि 'जेंडर' यांची. मराठीत आपण दोहोंना 'लिंग' म्हणतो, आणि हाच शब्द व्याकरणातही वापरतो. इंग्रजीतही 'जेंडर' हा मुख्यतः व्याकरणाचाच शब्द होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला नवा अर्थ आला. ॲन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंच्या १९७२ सालच्या 'सेक्स, जेंडर अँड सोसायटी' या पुस्तकाने तो अर्थ बराच रूढ केला. शरीराने जे येते ते 'सेक्स', आणि समाज जे शिकवतो ते 'जेंडर'. मराठी अभ्यासक यासाठी 'लिंगभाव' असा शब्द योजतात. मूल स्त्रीच्या पोटी येते हा झाला पहिला भाग. पण पाहुणे आले की चहा ताईनेच टाकायचा, हा दुसरा. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात व जन्मस्थान यांच्या सोबतीला 'सेक्स' हाच शब्द आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी निकाल देताना या शब्दात व्यक्तीची लिंगओळखही येते, असा अर्थ लावला. शब्द तोच राहिला, पण त्याच्या आधाराने उभी राहणारी माणसे वाढली.

आता ज्या शब्दाने मला खोटे पाडले त्याकडे वळतो. 'हाउसवाइफ' या शब्दात घर आहे आणि बायको आहे. काम मात्र कोठेच नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. स्त्रियांविषयीचे ठोकळेबाज शब्द टाळून कोणते शब्द वापरावेत याची यादी तीत आहे. 'हाउसवाइफ' ऐवजी 'होममेकर' म्हणावे असे ती सांगते. 'ईव्ह-टीझिंग' ऐवजी रस्त्यावरील लैंगिक छळ असे सरळ नाव सुचवते. हे मला पटले. 'टीझिंग' म्हणजे थट्टा, आणि आपली 'छेडछाड' तरी काय वेगळी आहे? ज्या गोष्टीने मुलीचे शिक्षण सुटू शकते तिला थट्टेचे नाव दिले की अर्धा गुन्हा आपोआप माफ होतो.

'होममेकर' हा शब्द बरा आहे. घर उभे करणे हेही काम आहे, हे तो मान्य करतो. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पहिली मोठी वेळ-वापर पाहणी केली. बिनमोली घरकाम करणाऱ्या व्यक्तींमध्ये स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे भरला, पुरुषांचा ९७ मिनिटे. पण माझ्या आईला तेवढाही शब्द पुरत नाही. ती पहाटे घर आवरते आणि मग मजुरीला जाते. तिच्यासाठी खरा शब्द 'ॲग्रिकल्चरल लेबरर', म्हणजे शेतमजूर. वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन असल्याने ते 'फार्मर' झाले. त्याच दोन एकरांत निंदण करणारी, वेचणी करणारी आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात राबणारी आई मात्र 'हाउसवाइफ'. हे वाक्य मला कोणी शिकवले नव्हते. मीच ते निवडले होते.

यानंतरचा शब्दसमूह माझ्या वहीत सर्वांत जास्त पाने व्यापून बसला आहे : 'इक्वल पे फॉर इक्वल वर्क'. म्हणजे समान कामास समान वेतन. राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. १९७६ साली त्यासाठी समान वेतन कायदा झाला आणि पुढे २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावून घेण्यात आला. हे वाचून मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. आमच्याकडे निंदणाला बाईचा रोज अडीचशे आहे, आणि फवारणीला गड्याचा चारशे. आई म्हणाली, 'पण ते म्हणतात, काम येगळं हाय. बाईचं हलकं, गड्याचं जड.'

मला उत्तर देता येईना. 'इक्वल वर्क' या शब्दांतच पळवाट होती. काम वेगळे ठेवले की समानतेचा प्रश्नच उरत नाही. निंदण बाईचे आणि फवारणी गड्याची, ही वाटणी कोणी केली हे कोणी विचारीत नाही.

वाचनालयात शोधताना दुसरा शब्दप्रयोग सापडला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ साली शंभराव्या क्रमांकाचा करार केला आणि भारताने तो १९५८ साली मान्य केला. त्यात 'इक्वल वर्क' नाही. 'वर्क ऑफ इक्वल व्हॅल्यू' आहे. म्हणजे काम एकच असण्याची गरज नाही, त्याचे मोल सारखे असावे. मोल कशाने ठरवायचे? आपल्या १९७६ च्या कायद्यानेही कामाचे सारखेपण पाहताना कौशल्य, श्रम आणि जबाबदारी या तीन गोष्टी धरल्या होत्या. मी आईबरोबर या तिन्हींचा हिशेब मांडला. कौशल्य : तण आणि पीक लहानपणी सारखेच दिसते, ते ओळखून काढायचे. श्रम : सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कंबर वाकलेली. जबाबदारी : खुरप्याचा एक घाव चुकला तर रोप गेले. हिशेब संपल्यावर आई म्हणाली, 'मंग हलकं काय हाय याच्यात?' 'व्हॅल्यू' या शब्दाचा अर्थ मला कोणत्याही कोशापेक्षा त्या प्रश्नात अधिक कळला. त्यामुळे आईचा रोज वाढला नाही, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण आपले काम हलके आहे असे ती आता म्हणत नाही.

'इक्वॉलिटी' आणि 'इक्विटी' या जोडीत आमच्या गटातले बहुतेकजण अडखळले. पहिलीला आपण समता किंवा समानता म्हणतो. दुसरीसाठी 'समन्याय' हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. सर्वांना सारखेच देणे ही पहिली. ज्याची अडचण जास्त त्याला त्या मानाने जास्त आधार देणे ही दुसरी. पंधराव्या अनुच्छेदातच भेदभावाला मनाई आहे आणि स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभाही आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा आमच्या गावात पुष्कळ पुरुषांनी 'मग समता कुठे राहिली?' असा प्रश्न केला. त्याचे उत्तर माझ्या घरातच होते. ताई दहावीला माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाली. पुढचे महाविद्यालय बारा किलोमीटरवर; सकाळची बस नव्हती. तीन वर्षांनी माझी वेळ आली तेव्हाही बस नव्हती, पण मला सायकल घेऊन दिली. महाविद्यालयाचे दार आम्हा दोघांनाही सारखेच उघडे होते. तेथपर्यंतची वाट मात्र एकालाच मिळाली.

येथेच 'प्रिव्हिलेज' हा शब्द आला. कोशात 'विशेषाधिकार' असे होते. वर्तमानपत्रात तो विधिमंडळाच्या बातम्यांत भेटतो. माझ्यासारख्या मजुराच्या मुलाचा विशेषाधिकाराशी काय संबंध, असे मला वाटले. मी ताईलाच विचारले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, 'जे करायला तुला कोणाला विचारावं लागत नाही, ते.' चर्चेच्या दिवशी मी हीच व्याख्या इंग्रजीत करून सांगितली. ती ताईची आहे हे मात्र सांगावयाचे राहून गेले. ते येथे नोंदवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन करताना 'ग्रेडेड इनइक्वॉलिटी' असे शब्द योजले. म्हणजे प्रतवार विषमता. विषमतेच्या पायऱ्या असतात, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्याने सबंध जिना पाडावा असे कोणालाच मनापासून वाटत नाही, हा त्यातला भाव. हे त्यांनी जातीविषयी सांगितले. पण वाचताना मला माझी पायरी दिसली. वर्गात शहरातल्या मुलांचे इंग्रजी ऐकून मी मान खाली घालतो. तेथे मी खालचा. घरी आल्यावर ताट वाढलेले मिळते आणि उष्टे ताट उचलावे लागत नाही. तेथे मी वरचा. पहिल्याचा मला राग होता. दुसऱ्याची जाणीवही नव्हती.

हे सारे विचार इंग्रजीतूनच आले, असे मात्र कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली झाला. त्याच्या पहिल्या कलमात 'ऑल मेन' ऐवजी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' हे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांच्या आग्रहाने. आणि त्याच्याही किती आधी महात्मा फुले यांनी १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त जागोजाग 'स्त्रीपुरुष' असा जोडशब्द लिहिला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली तेव्हा आजच्या अर्थाचा 'जेंडर' इंग्रजीतही नव्हता. तरी तो विचार या मातीत, आमच्याच जिल्ह्यात झाला होता. मग इंग्रजी शब्द कशाला हवेत? माझ्या मते, कायद्याची, न्यायालयाची, उच्च शिक्षणाची पुष्कळशी कागदपत्रे अजून त्या भाषेत आहेत, म्हणून. ती वाचता आली नाहीत तर आपल्याविषयी काय लिहिले आहे हे दुसऱ्याला विचारावे लागते. आणि विचारावे लागणे म्हणजे काय, हे ताईने वर सांगितलेच आहे.

शेवटी माझ्या अभ्यासाची रीत थोडक्यात सांगतो. एक, शब्द वाक्यासकट लिहावा. दोन, त्याच्या जवळच्या शब्दाशी त्याची तुलना करावी. तीन, तो शब्द वापरून आपल्या ओळखीच्या माणसाविषयी एक खरे वाक्य करावे. तिसरी पायरी सर्वांत अवघड, कारण तेथे इंग्रजी चुकण्यापेक्षा आपण स्वतः चुकलेले जास्त दिसते.

यंदाच्या प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेतमजुरी' असे लिहिले. ताईला अर्ज दाखवला. तिने तो वाचून परत दिला व म्हणाली, 'तुझे शब्द झाले. आता माझा बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दे.' तो भरला आहे. तिची पुस्तके मी आणतो. संध्याकाळी ती अभ्यासाला बसते तेव्हा चहा मी टाकतो. तो अजून नीट जमत नाही. इंग्रजी तिचाही विषय आहे. वही आता आम्हा दोघांची झाली आहे.

— द्वितीय वर्ष, कला