दिघीतून ट्यूडर बघताना

दिघीच्या धक्क्याजवळ माझं छोटं दुकान आहे. आगरदांड्याहून जंगलजेटी लागली की गाड्या उतरतात, पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, उलटीच्या गोळ्या खपतात. जेटी सुटली की पुढची येईपर्यंत मी आणि मोबाईल. त्या रिकाम्या वेळात मला ट्यूडरांचा, म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या राजघराण्यावरच्या डॉक्युमेंट्र्यांचा, नाद लागला. आधी हे घरच्या टीव्हीवर चालायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात डिशची छत्री गेली, वीज यायला कित्येक दिवस लागले, तेव्हापासून सगळं मोबाईलवर. मी अभ्यासक नाही, इंग्लंडला गेलेलो नाही, जायचा विचारही नाही. पण आठव्या हेन्रीच्या भानगडी मला आमच्या गावकीच्या भानगडींपेक्षा जास्त पाठ आहेत. कुणाला असाच नाद लागला तर उपयोगी पडाव्यात म्हणून चार गोष्टी सांगतो.

१. उधारीच्या वहीचं शेवटचं पान रिकामं ठेवा आणि त्यावर नावं लिहा. याशिवाय ट्यूडर समजत नाहीत. हेन्रीच्या सहा राण्या, त्यात तीन कॅथरिन, दोन अ‍ॅन आणि एक जेन. दरबारात वुल्सी, मोर, क्रॉमवेल, क्रॅनमर, आणि चौघांचंही पाळण्यातलं नाव थॉमस. आपल्याला हे जड जाऊ नये म्हणा. समोरच्या जंजिऱ्यात सिद्दी संबूल, सिद्दी कासम, सिद्दी खैर्यत एकाच वेळी नांदले, आणि त्यातल्या कासमला औरंगजेबाने याकूतखान किताब दिल्यावर तो पुढच्या पानावर वेगळाच माणूस वाटायला लागतो. ज्याने सिद्दी पचवले त्याला कॅथरिन काय चीज आहे.

२. मेणबत्त्यांना भुलू नका. या डॉक्युमेंट्र्यांत एक ठरलेला बोळ असतो. त्यातून झगा सळसळत एक बाई पाठमोरी जाते, मेणबत्ती थरथरते, मागे व्हायोलिन. बजेट कमी असेल तर तीच बाई तीन राण्या होते. मला हे आधी करमणुकीचं वाटायचं, आता कंटाळा येतो. डेव्हिड स्टार्की हे इतिहासकार २००१ च्या मालिकेत सहा राण्यांची कहाणी सांगतात, ते मला जास्त भावतं. माणूस तोऱ्यात बोलतो, पण कागद हातात धरून बोलतो. २०१६ च्या बीबीसीच्या मालिकेत लूसी वर्स्ली यांनी वेगळीच शक्कल काढली. स्वतः दासीचे कपडे घालून त्या प्रसंगात कोपऱ्यात उभ्या राहतात आणि राजाराणीचं भांडण चालू असताना आपल्याकडे बघून बोलतात. काहींना हा पोरकटपणा वाटला असेल. मला पटला. राजवाड्यातलं खरं काय ते भांडी उचलणाऱ्यालाच माहीत असणार.

३. दर दहा मिनिटांनी विचारा, हे यांना कळलं कसं?

हा प्रश्न मला त्या डॉक्युमेंट्र्यांनीच शिकवला. अ‍ॅन बोलीनचं उदाहरण घ्या. १५३३ मध्ये लग्न, १९ मे १५३६ ला शिरच्छेद, त्यासाठी खास कॅलेहून तलवारवाला आणवला होता. ती कशी होती, कुणाशी फटकून वागायची, याचं पुष्कळ वर्णन येतं ते युस्तास शापुईच्या पत्रांतून. हा सम्राट पाचव्या चार्ल्सचा वकील, आणि चार्ल्स म्हणजे हेन्रीने टाकलेल्या पहिल्या राणीचा भाचा. शापुई अ‍ॅनला राणी म्हणायलाही तयार नव्हता, रखेल म्हणूनच लिहायचा. म्हणजे आज टीव्हीवर जी अ‍ॅन दिसते तिचा बराचसा रंग दुष्मनाच्या दौतीतला आहे. चांगला निवेदक हे सांगतो. वाईट निवेदक शापुईचं वाक्य वाचतो आणि पुढे जातो.

चित्रांचंही तेच. हान्स होल्बाइनने १५३९ मध्ये क्लीव्हच्या अ‍ॅनचं चित्र काढलं, हेन्रीला ते पसंत पडलं, १५४० च्या पहिल्या दिवशी मुलगी प्रत्यक्ष बघितली आणि नवरदेवाचं बिनसलं. जुलैत लग्न रद्द. फोटो बघून स्थळ ठरवणाऱ्यांनी हा भाग जरूर बघावा.

एकदा ही सवय लागली की ती गावातही पाठ सोडत नाही. किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटीत गाईड सांगतो की दगडी कोटाआधी इथे असलेल्या, कोळ्यांच्या राम पाटलाच्या मेढेकोटात निजामशाहीच्या पिरमखानाने दारूची पिंपं असल्याची बतावणी करून माणसं घुसवली आणि रात्रीत कोट घेतला. गोष्ट झकास आहे, मी लहानपणापासून ऐकतोय. पण पिंपाच्या आत काय बोलणं झालं तेही गाईडला ठाऊक असतं, तेव्हा मला शापुई आठवतो. ही गोष्ट कुणी सांगितली असेल? जिंकलेल्यांनी, आपण किती हुशार ते दाखवायला? की हरलेल्यांनी, आपण लढाईत हरलो नाही, फसलो, असं म्हणायला? दोन्ही बाजूंना सोयीची गोष्ट म्हणूनच ती टिकली असावी, असं माझं मत. सतराव्या शतकात आलं की कागद वाढतो. सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईला माझगावात येऊन राहायचं आणि इंग्रज वखारवाले त्याला वैतागलेले असायचे, हे त्यांच्याच पत्रव्यवहारातून कळतं. तिथेही शापुईचाच प्रकार. लिहिणारा वैतागलेला आहे हे धरून वाचायचं.

४. ट्यूडर एकट्याने बघू नयेत. दुकानात मासळीच्या पाट्या टेकवून टेम्पोची वाट बघणाऱ्या एक मावशी असतात. त्यांना मी हेन्रीचं सगळं सांगितलं. मुलगा हवा म्हणून पहिलीला सोडलं, त्यापायी पोपशी फारकत घेतली, दुसरीला मारलं, तिसरीला १५३७ मध्ये मुलगा झाला आणि बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती गेली. मुलगा एडवर्ड नवव्या वर्षी गादीवर बसला आणि पंधराव्या वर्षी वारला. मग पहिलीची लेक मेरी, मग दुसरीची लेक एलिझाबेथ, आणि एलिझाबेथने १५५८ ते १६०३ राज्य केलं.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे शेवटी पोरींनीच केलं ना? मग एवढा तमाशा कशाला घातला मेल्यानं?"

एका प्राध्यापिकेने हेच सांगायला पाऊण तास घेतला होता.

५. सन शेजारी शेजारी लिहा. वहीच्या त्याच पानावर मी मधोमध रेघ मारली. डावीकडे तिकडचं, उजवीकडे इकडचं. १४८५ ला बॉसवर्थची लढाई जिंकून पहिला ट्यूडर, सातवा हेन्री, गादीवर आला. १४९० ला अहमदनगरची निजामशाही उभी राहिली. सातवा हेन्री शेवटची वर्षं मोजत होता तेव्हा, १५०८ मध्ये, इथून वर चौलच्या बंदरात पोर्तुगीज आणि इजिप्तचं आरमार भिडलं आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. जंजिऱ्याचा दगडी कोट १५६७ ते १५७१ च्या दरम्यान उठला असं मानतात. तिकडे तेव्हा एलिझाबेथ गादीवर होती आणि १५७० मध्ये पोपने तिला धर्मबाह्य ठरवलं. १५८८ मध्ये तिने स्पॅनिश आरमार परतवलं, त्यानंतर काही वर्षांतच चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. एलिझाबेथवर किती डॉक्युमेंट्र्या आहेत ते मोजता येणार नाही. चांदबिबीवरची तितक्या तोलाची एकही माझ्या बघण्यात आलेली नाही, आणि मी बघण्यात कसूर करणारा माणूस नाही.

पण रेघ मारण्याचा खरा लाभ १५८३ च्या ओळीत झाला. त्या वर्षी एलिझाबेथने अकबराच्या नावाने एक पत्र दिलं आणि चार इंग्रज ते घेऊन निघाले: व्यापारी जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स, चित्रकार जेम्स स्टोरी. टायगर नावाच्या जहाजाने ते सीरियाच्या किनाऱ्याला लागले, पुढे जमिनीवरून आणि नदीतून होर्मुझला पोचले. तिथे पोर्तुगीजांनी हेर समजून पकडलं आणि गोव्याला धाडलं. वाटेत दीव, दमण, वसई, ठाणं, चौल. म्हणजे नोव्हेंबर १५८३ मध्ये चौल सोडून खाली गोव्याला निघालेलं ते गलबत आमच्या राजपुरी खाडीच्या तोंडावरूनच गेलं असणार. कोट तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा, चुना अजून पांढरा. एलिझाबेथची माणसं, कैदी म्हणून, आमच्या दारावरून!

फिच १५९१ मध्ये लंडनला परतला, तोवर घरच्यांनी तो मेला असं समजून वाटण्या उरकल्या होत्या. त्याने प्रवासाची हकिकत लिहिली. चौलला आल्यावर तो कशावर भाळला असेल? माडावर. एका झाडापासून दारू, तेल, साखर, दोर, घराचं छप्पर, गलबताचं शीड सगळं निघतं, जगात याच्याइतकं किफायतशीर झाड नाही, अशा अर्थाचं लिहून ठेवलंय. निसर्ग वादळात आमच्याकडे माड आडवे झाले तेव्हा नुकसानभरपाईचा पंचनामा करणाऱ्यांपुढे फिचचा हा उतारा ठेवायला हवा होता.

६. गोव्यात या कैद्यांना जामिनावर सोडवायला ज्यांनी खटपट केली त्यांत एक इंग्रज जेझुइट होता, फादर थॉमस स्टीफन्स. पुन्हा थॉमस! विल्टशरमध्ये जन्मलेला, म्हणजे अस्सल ट्यूडर प्रजाजन. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना जगणं कठीण झालं म्हणून देश सोडला, १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरला तो परत गेलाच नाही. साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि मराठीत दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं, त्याच वर्षी तिकडे शेक्सपिअर वारला. शाळेत आम्हाला स्टीफन्स भाषेच्या तासाला भेटला आणि एलिझाबेथ इतिहासाच्या तासाला. दोघं एकाच देशाची, एकाच काळातली, आणि एकीच्या धाकामुळे दुसरा आपल्याकडे आला, हे कुणी सांगितलं नाही. डॉक्युमेंट्रीवाल्यांना स्टीफन्स अजून सापडलेला दिसत नाही. त्यांच्या पडद्यावर छळाला कंटाळून पळालेला कॅथलिक बोटीत चढतो आणि गोष्ट तिथे संपते.

७. तोफा बघून झाल्या की कंगवे शोधा. मेरी रोझ हे हेन्रीचं लाडकं जहाज १९ जुलै १५४५ ला पोर्टस्मथसमोर त्याच्या डोळ्यांदेखत बुडालं. ११ ऑक्टोबर १९८२ ला सांगाडा वर काढला तेव्हा टीव्हीवर थेट दाखवलं होतं. ते जुनं चित्रण मी पुन्हापुन्हा बघतो. एकोणीस हजारांवर वस्तू निघाल्या. धनुष्यं, तोफा आहेतच. पण उवा काढायचे बारीक दातांचे लाकडी कंगवे आहेत, फासे आहेत, न्हाव्या-वैद्याची पेटी आहे, जहाजावरच्या कुत्र्याची हाडं आहेत. चिखलाने जे झाकलं ते वाचलं.

तेव्हापासून पाहुण्यांना जंजिऱ्यात मी कलालबांगडी तोफेपाशी फार वेळ थांबू देत नाही. तिचे फोटो नेटवर ढिगाने आहेत. गोड्या पाण्याच्या दोन तलावांपाशी नेतो. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये पिण्याजोगा साठा. पायऱ्यांवर शेवाळ, कडेच्या दगडांवर झिजलेल्या खाचा. या कोटात विसाव्या शतकातही वस्ती होती, बायका इथेच घागरी बुडवत होत्या. पाहुणे मात्र तोफ किती टनांची तेच विचारतात.

८. राजा कुठेही सापडू शकतो. बॉसवर्थला पहिल्या ट्यूडरशी लढताना पडलेल्या तिसऱ्या रिचर्डची हाडं २०१२ मध्ये लेस्टरला मोटारी लावायच्या जागेखाली मिळाली, कणा वाकडा होता, बहिणीच्या वंशातल्या एका सुतारकाम करणाऱ्या माणसाच्या डीएनएशी जुळवून २०१३ मध्ये खात्री केली. यावरची डॉक्युमेंट्री रात्री एकट्याने बघू नये एवढंच सांगतो.

९. शेवटचं, आणि मला सगळ्यात मोलाचं. गर्दीत मागे कोण उभं आहे ते बघा. फेब्रुवारी १५११ मध्ये हेन्रीने मुलगा झाल्याच्या आनंदात मोठा खेळसोहळा केला (ते बाळ थोड्याच दिवसांत गेलं). त्या सोहळ्याची सुमारे १८ मीटर लांब चित्रगुंडाळी आहे. त्यात घोड्यावर कर्णे फुंकणारे वादक आहेत, आणि त्यांतला एक काळा आहे, डोक्याला पागोट्यासारखं बांधलेलं. त्याचं नाव जॉन ब्लँक. मी तिथे व्हिडिओ थांबवला आणि चित्र मोठं करून बघितलं. मग कळलं की मेरी रोझवरचा माल काढायला जे पाणबुडे लावले होते त्यांचा म्होरक्या जाक फ्रान्सिस हाही आफ्रिकेतला. १५४८ मध्ये त्याने लंडनच्या आरमारी कोर्टात साक्ष दिली, आणि समोरच्या पक्षाने हा गुलाम आहे, याची साक्ष धरू नका, असा गिल्ला केला तरी ती नोंदवली गेली. त्याच १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे इथिओपियात, मलिक अंबर जन्मला, जो गुलाम म्हणून विकला जात जात निजामशाहीचा कारभारी झाला. आमच्या सिद्दींचीही मुळं तिकडचीच. इंग्लंडमधल्या लोकांना ट्यूडर दरबारात काळा माणूस दिसला की अजून नवल वाटतं, त्यावर वेगळे कार्यक्रम होतात. आम्हाला किनाऱ्यावर उभं राहिलं की किल्लाच दिसतो.

जॉन ब्लँकची आणखी एक नोंद आहे. त्याला दिवसाला आठ पेन्स मिळायचे. त्याने थेट राजाकडे अर्ज केला की एवढ्यात भागत नाही, मेलेल्या वादकाच्या जागेवर घेऊन सोळा द्या, आणि हेन्रीने ते मंजूर केलं. हे मी आमच्या एका तांडेलाला रंगवून सांगितलं. जंजिऱ्यावर अशी डॉक्युमेंट्री निघाली तर तुझीच बोट लागेल, तूच खाडीतले खडक दाखवशील, असंही म्हटलं.

त्याने शांतपणे जाळ्याची गाठ मारली आणि म्हणाला, "दादा, आठाचे सोळा झाले ना त्याचे? मग माझ्या फेरीचं आधी बोलू. डिझेल धरून."