हवेचे कवच

विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांपुढे एक कोडे उभे होते. विद्युत्‌दर्शक नावाचे एक साधे उपकरण असते. त्यातील दोन पातळ सोनेरी पानांना विद्युत्‌भार दिला, की ती एकमेकांपासून दूर सरतात. परंतु उपकरण कितीही बंदिस्त ठेवले, तरी ती पाने हळूहळू मिटत. कोणते तरी अदृश्य किरण आत शिरून तो भार नाहीसा करीत होते. जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्यांतून ते येत असावेत, असे बहुतेकांस वाटे.

तसे असेल, तर उंच जावे तसे ते क्षीण झाले पाहिजेत. याची परीक्षा पाहण्यासाठी व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ स्वतःच बलूनमधून आकाशात गेला. ७ ऑगस्ट १९१२ रोजी त्याने सर्वांत उंच उड्डाण केले. बलूनमध्ये ज्वालाग्राही हायड्रोजन, बसण्यास उघडा पाळणा, वर कडाक्याची थंडी आणि श्वासास अपुरी हवा! तरीही सुमारे ५,३०० मीटर उंचीपर्यंत तो उपकरणांवरील आकडे टिपीत राहिला. आरंभी किरण किंचित घटले. पुढे मात्र ते वाढतच गेले आणि जमिनीवरच्या दुपटीच्या घरात पोहोचले. किरण वरून, पृथ्वीच्या बाहेरून येत होते! त्याच वर्षी एप्रिलमधील सूर्यग्रहणाच्या वेळीही ते कमी झाले नव्हते. तेव्हा सूर्य हा त्यांचा मुख्य उगम नव्हे, हेही हेसने ताडले. या विश्वकिरणांच्या शोधाबद्दल १९३६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हे किरण म्हणजे वस्तुतः अतिवेगवान सूक्ष्म कण होत. त्यांत प्रोटॉनच फार. वातावरणात शिरताच असा कण हवेतील एखाद्या अणूच्या केंद्रावर आदळतो. त्यातून नवे कण उडतात. तेही पुढे आदळून आणखी कण निर्माण करतात. रुपया मोडला, की नाणी पुष्कळ होतात, पण प्रत्येकाचे मोल कमी होते. तसेच येथे घडते. कणांची संख्या वाढत जाते आणि एकेकाची शक्ती घटत जाते. अखेर बहुतेक कण हवेतच विरून जातात. इलेक्ट्रॉनांचा असा वर्षाव कसा होतो, याचे गणित मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा यांनी हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर १९३७ साली मांडले.

जमिनीवर पोहोचतात ते प्रामुख्याने म्युऑन नावाचे कण. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर मिनिटास सुमारे एक म्युऑन पडतो. पाठ वाचणाऱ्या मुलाच्या तळहातातूनही ते नकळत आरपार जात असतात.

आपल्या डोक्यावरील हवेचे वजन दहा मीटर खोल पाण्याच्या थराएवढे आहे. हे कवच ओलांडून अंतराळात जाणाऱ्या प्रवाशांस विश्वकिरणांचा मारा कितीतरी अधिक सोसावा लागतो. जी हवा आपल्याला श्वास देते, तीच अहोरात्र आपले रक्षणही करीत असते.