शेरा नको, ओळ दाखवा

कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा आपल्या सीमाभागातल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथली कविसंमेलनं आणि त्यानंतरचे चहावरचे वाद वर्षानुवर्षं ऐकून जे पक्कं झालं, ते सांगतो.

१. आपल्याकडे दोन शेरे तयार असतात. कवितेत अस्मिता, अन्याय, मायबोली आलं की ‘हवेतलं’. कन्नडमधला जमिनीचा उतारा वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात ताटकळलेला शेतकरी आला की ‘ही तर बातमी’. दोन्ही शेरे कविता न वाचताही मारता येतात.

२. शेऱ्यावरून कवीपेक्षा शेरा मारणारा जास्त कळतो. कवी मर्ढेकरांची ‘काही कविता’ १९४७ ची. त्यांना दुर्बोध ठरवलं गेलं आणि अश्लीलतेचा खटलाही त्यांच्यावरच झाला. म्हणजे काही कळत नाही हीही तक्रार, आणि नको तेवढं कळतं हीही.

३. मोठा शब्द पोकळच असतो असं नाही. बेळगावच्या १९४६ च्या मराठी साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हा ती निव्वळ कल्पना होती. १७ जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या ज्या हुतात्म्यांपुढे हात जोडतो, ते त्या कल्पनेसाठीच गेले.

४. बारीक तपशिलाला ‘नुसतं वर्णन’ म्हणू नये. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. गॅरेजातली, रस्त्यावरची माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांच्या कथांतला तो तपशील काढला, तर ती माणसं उभीच राहणार नाहीत.

५. एका मुलीनं तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईवर कविता वाचली. कडव्याकडव्यात ‘शोषण’. मागून कुणी ‘भाषणबाजी’ म्हणालं. तिला बाजूला घेऊन मी विचारलं, “बाळ, आई घरी आल्यावर पहिल्यांदा काय करते?” ती म्हणाली, “दाराबाहेर पदर झटकते. तरी धाकटा शिंकतोच.” पुढच्या खर्ड्यात ते आलं. ‘शोषण’ शेवटी एकदाच राहिलं आणि तिथं ते भिडलं.

६. म्हणून नावं ठेवण्याआधी ओळीवर बोट ठेवा. कुठं अडलं, काय दिसलं नाही, ते सांगा. सीमाभागात मराठीत लिहू पाहणारं प्रत्येक पोर मोलाचं आहे. एका शेऱ्यानं त्याला गप्प बसवणं आपल्याला परवडणारं नाही.