अरबी शेजार, पुण्याचं भाडं

पुण्यात शिकायला आलेल्या येमेनी, इराकी किंवा सुदानी मुलाला पहिल्या आठवड्यातच दोन उलटसुलट सल्ले मिळतात. कॉलेज म्हणतं, जवळपास राहा. आधी आलेले गाववाले म्हणतात, कोंढव्याला ये. तो बहुधा गाववाल्यांचं ऐकतो. निर्णय चुकीचा असतो असं नाही, पण त्याची किंमत किती हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो मराठी वाचत नाही. म्हणून हा हिशेब त्याच्या होऊ घातलेल्या घरमालकासाठी, वर्गमित्रासाठी आणि कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी विभागात बसणाऱ्या माणसासाठी. भाडेकरू अरब आहे म्हटल्यावर घाबरून ‘नको’ म्हणणारे मालक यांतल्या निम्म्या गोष्टी माहीत नसल्यामुळे घाबरतात, असं माझं मत आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. कोंढवा हा अरबी मोहल्ला नाही. कॅम्प, भवानी पेठ, गंज पेठ इथल्या दाटीतून बाहेर पडलेली मुस्लिम मध्यमवर्गीय कुटुंबं इथे आली आणि कौसरबाग, मिठानगरचा परिसर उभा राहिला. भाषा उर्दू, दख्खनी हिंदी आणि मराठी. अरब विद्यार्थी या वस्तीत नंतर मिसळले. त्यामुळे नव्या माणसाला इथे अजान ऐकू येते, हलाल आहे का हे विचारत बसावं लागत नाही, बायकोला अबाया घालून भाजी आणताना कुणी वळून बघत नाही. पण त्याच्याशी अरबीत बोलणारं कुणी असेलच असं नाही. समोरच्या फ्लॅटमधली दहा वर्षांची मुलगी अरबी अक्षरं सफाईने वाचते, पण ‘पाणी कधी येतं’ एवढं तिला अरबीत सांगता येणार नाही. खरा अरबी धागा हवा असेल तर तो हैदराबादच्या बारकसमध्ये. निजामाच्या फौजेतल्या हद्रमी सैनिकांचे वंशज तिथे राहतात. मंदी हा भात-मांसाचा पदार्थही येमेनमधल्या हद्रमौतचाच. कोंढव्यात मंदीची हॉटेलं आहेत, पण ती बघून कुणी त्याला येमेन समजू नये.

आता भाडं. आकडे ढोबळ आहेत. इमारतीचं वय, लिफ्ट आणि पाणी यांवरून ते खालीवर होतात. कौसरबाग-मिठानगरच्या जुन्या इमारतींत टू बीएचके साधारण वीस ते तीस हजार, वन बीएचके तेरा ते वीस. एनआयबीएम रोडच्या मोठ्या सोसायट्यांत तोच टू बीएचके तिशीच्या पुढे जातो. उंड्री-मोहम्मदवाडीकडे सरकलं की फ्लॅट नवा मिळतो, पण ओळखीचं वातावरण पातळ होतं आणि टँकर सुरू होतात. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशांची गर्दी असते, तेव्हा एजंट ऐकत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हजार-दोन हजार सहज कमी होतात.

पहिल्या दिवशी किती रोकड लागते?

भाडं म्हणून कळलेला आकडा महिन्याचा असतो. दारात पाय ठेवायला त्याच्या कितीतरी पट पैसे लागतात. सव्वीस हजारांचा टू बीएचके घेऊ. पहिल्या महिन्याचं भाडं २६,०००. डिपॉझिट साधारण तीन महिन्यांचं, गोल आकड्यात ७५,०००. परदेशी म्हटल्यावर काही मालक पाच-सहा महिन्यांचंही मागतात. एजंटाची दलाली एक महिन्याचं भाडं, २६,०००. करार आणि नोंदणी मिळून दोन ते पाच हजार. म्हणजे एक लाख तीस हजारांच्या आसपास. तिघं मिळून राहिले तर माणशी सुमारे ४३ हजार.

हा ४३ हजारांचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची अडचण बँकेत उभी आहे. परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाचं पत्र दाखवून एनआरओ (अनिवासींचं) खातं उघडता येतं. स्थानिक पत्त्याचा पुरावा त्याने तीस दिवसांत द्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पत्त्याची पडताळणी होईपर्यंत त्या खात्यात परदेशातून एक हजार डॉलरच्या वर रक्कम घेता येत नाही, शिवाय खात्यावर एकूण पन्नास हजार रुपयांची मर्यादा असते. गंमत अशी की पत्ता मिळवायला डिपॉझिट लागतं, आणि डिपॉझिटचे पैसे खात्यातून काढायला पत्ता लागतो. एकट्याने फ्लॅट घ्यायला निघालेला मुलगा इथे अडकतो. तिघांत वाटणी झाली तर जेमतेम निभतं. सोपा मार्ग म्हणजे पहिला महिना कॉलेजच्या वसतिगृहात किंवा पीजीत काढायचा, तिथला पत्ता बँकेत द्यायचा आणि मगच फ्लॅट शोधायचा. मालकाची तयारी असेल तर डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यावं. भाडेकरू हातचा जात नाही, आणि अशा भाडेकरूला त्याची किंमत कळते.

करारावर पैसे वाचवायला जाऊ नका. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही तरतूद आहेच. खर्च मात्र किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर धरलेल्या दहा टक्के व्याजावर ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ते सव्वासातशे-साडेसातशे रुपये येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. यापलीकडे एजंट जे मागतो ती बहुतांशी त्याची सेवा, सरकारी फी नव्हे. ‘सगळं मिळून सात हजार’ असं ऐकलं तर पावती मागा.

घरबसल्या होणारी ऑनलाइन नोंदणी आधारवर चालते, आणि नव्या परदेशी माणसाकडे आधार नसतं. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर त्यालाही ते काढता येतं, तेही विनाशुल्क. तोवर पासपोर्ट घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. अर्धा दिवस जातो. मालकाने हा अर्धा दिवस मोडायचा कंटाळा केला तर भोगतो भाडेकरू, कारण व्हिसाची मुदत वाढवताना राहत्या जागेचा पुरावा मागतात आणि साध्या स्टॅम्पपेपरवरचा कागद तिथे चालत नाही.

मालकाला पोलिसांची भीती कशाची?

परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. सगळे त्याला ‘फॉर्म सी’ म्हणूनच ओळखतात. हॉटेलवाल्याला लागू आहे तसंच घरमालकालाही. परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर एकदा स्वतःची नोंदणी करून युजर आयडी घ्यावा लागतो. त्यानंतर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, फोटो आणि आल्याची तारीख एवढंच. फी नाही. युजर आयडी मंजूर व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून ही नोंदणी भाडेकरू सामान घेऊन येण्याच्या आधीच करून ठेवा. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने स्वतःही आल्यापासून चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते. तेही आता ऑनलाइन होतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ही तिसरी, वेगळी गोष्ट. तीही ऑनलाइनच. तिन्ही कामं झाली की पोलीस दारात येण्याचं कारण उरत नाही. ‘मी करून देतो, तीन हजार द्या’ म्हणणारे लोक याच भीतीवर जगतात.

सोसायटीचा भाग थोडक्यात. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ‘परदेशी भाडेकरू’ म्हणून वेगळा दर लावला तर लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. बॅचलर नको, मांसाहारी नको, परदेशी नको असल्या पाट्यांमुळे पुण्याचा मोठा भाग या मुलांना आपोआप बंद होतो. कोंढव्याचं भाडं चढण्यामागे तेही एक कारण आहे. आवडीने राहणारे आणि दुसरीकडे जागा न मिळालेले, असे दोघंही एकाच दोन-चार गल्ल्यांत घर शोधत असतात.

महिन्याच्या खर्चात मी पहिल्यांदा वीजबिल बघतो. उष्ण देशातून आलेला माणूस एसी चालू ठेवूनच झोपतो. महावितरणचा दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटच्या टप्प्यांनी चढतो, म्हणून तीनशेच्या वर गेलेलं प्रत्येक युनिट महाग पडतं. पुण्यात एप्रिल-मे सोडले तर पंख्यावर भागतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. राहायला येताच मीटरचा फोटो काढायचा, आकडा स्पष्ट दिसेल असा. एनआयबीएम-उंड्रीच्या बाजूला पाण्याच्या टँकरचा खर्च मेंटेनन्समधून वसूल होतो. तो भाड्यात धरला आहे की वेगळा, हे करारातच लिहून घ्या. मार्चपासून ही रक्कम फुगते. गॅसचं घरगुती कनेक्शन पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळत नाही, पण पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. तो किलोमागे महाग पडतो, तरी सुरुवातीचे दोन महिने हाच मार्ग.

घर ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणजे पुण्यात पंखे, ट्यूब, कपाट आणि किचन ट्रॉली. पलंग त्यात नसतो. नव्या मुलांना याचा धक्का बसतो. सोफ्यावर पैसे घालू नयेत. त्यांची मजलिस म्हणजे आपली गाद्या-लोडांची बैठकच, आणि ती तिघांच्या खोलीत काही हजारांत मांडून होते.

खाण्याचं गणित मटणावर फसतं. तिकडे मेंढी, इकडे बोकड, आणि बोकडाचं मटण किलोला आठशेच्या घरात. गाय-बैलाच्या कत्तलीवर महाराष्ट्रात २०१५ पासून पूर्ण बंदी आहे, म्हशीच्या मांसावर नाही. हे नवख्याला स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर तो नको तिथे नको ते मागून बसतो. बाकी काबुली चणे, तीळ, दही, खजूर, लिंबू इथे स्वस्त आहेत. हुमूस घरी केला तर डब्यातल्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत होतो. चिकन मंदीचं एक ताट साधारण अडीचशे ते साडेतीनशे. रोज बाहेर खाल्लं तर खिसा रिकामा. तिघांनी मिळून घरी शिजवलं तर बारा ते पंधरा हजारांत तिघांचा महिना निघतो. रमजानमध्ये कौसरबागेत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तो महिना बजेट मोडायचाच, ते धरून चाला.

कुणी कोंढव्यात राहावं, कुणी नाही

इथे मी उघड बाजू घेतो. बायको-मुलांसह आलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने कोंढवाच घ्यावा, भाडं दोन-तीन हजार जास्त पडलं तरी. तो दिवसभर विभागात असतो. शहराशी रोजचा संबंध येतो त्याच्या बायकोचा, आणि तिला शेजारीण मिळणं हीच मोठी बचत आहे. कॅम्पमधल्या आझम कॅम्पस किंवा पूना कॉलेजात शिकणाऱ्यालाही अंतर सोयीचं आहे.

गणेशखिंडच्या विद्यापीठात रोज जाणाऱ्याने मात्र नीट विचार करावा. कोंढव्याला मेट्रो नाही. बसने स्वारगेट, तिथून सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मार्गिकेने शिवाजीनगर, पुढे पुन्हा बस. लुल्लानगर चौकात अडकलात तर एका बाजूला दीड तास. पीएमपीचा मासिक पास २०२५ च्या दरवाढीनंतर दीड हजारांचा झाला आहे, मेट्रोचं तिकीट त्यावर. पावसाळ्यात रिक्षा धरली तर हिशेबच संपला. आणि ज्याचं कॉलेज लवळ्याला आहे, त्याने कोंढव्यातून ये-जा करण्याचा विचारही करू नये. तिथल्या मुलाने वसतिगृहात राहावं आणि शुक्रवारी कोंढव्यात यावं. जाण्यायेण्याच्या तिकिटांत नमाजही होते, आठवड्याचं मटणही घेऊन होतं आणि गाववाल्यांशी पोटभर अरबीत बोलणंही होतं.

शेवटचा खर्च सोडून जाताना येतो. महिन्याची नोटीस, ‘पेंटिंग’ म्हणून कापलेले काही हजार, थकलेलं बिल. राहायला येताना भिंती, नळ आणि बाथरूमचे तारखेसकट फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर ही कपात निम्म्याने कमी होते. डिपॉझिट परत मिळण्याचा दिवस विमानाच्या किमान आठवडाभर आधीचा ठरवा, रक्कम रोख न घेता खात्यातच घ्या आणि ती जमा झाल्याशिवाय ते एनआरओ खातं बंद करू नका.