कंट्रोल कधी निवडायचा

चि. मनूस,


तुझा प्रोटोकॉल दोनदा वाचला. तिसऱ्या पानावर पेन्सिल अडली. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची रोग नसलेली माणसं, घेणार ‘अभ्यास संपेपर्यंत ज्यांना रोग झाला नाही’ त्यांच्यातून, असं तू लिहिलं आहेस. बाई, तिथेच गडबड आहे.

आधी जूली पार्सोनेट आणि सहकाऱ्यांचा १९९१चा जठराच्या कर्करोगावरचा निबंध काढ. कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्य योजनेच्या १,२८,९९२ सभासदांच्या गटावर १९६०च्या दशकाच्या मध्यापासून लक्ष होतं, आणि तेव्हा घेतलेलं सीरम गोठवून ठेवलेलं होतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू मार्शल आणि वॉरन यांच्या हाती लागला १९८२ साली! म्हणजे प्रश्न सुचण्याआधीच उत्तर बर्फात पडून होतं. पण सव्वा लाख नळ्या कोण तपासणार? त्यांनी त्या गटातलेच १८६ कर्करोगी ‘केस’ म्हणून घेतले आणि वय, लिंग, वंश जुळवून तितकेच कंट्रोल. जठराचा अॅडिनोकार्सिनोमा पक्का ठरलेल्या १०९ जणांत ८४ टक्क्यांना पूर्वी संसर्ग झालेला निघाला, त्यांच्या कंट्रोलमध्ये ६१ टक्क्यांना. ऑड्स रेशो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संसर्गाच्या शक्यतांचं गुणोत्तर, ३.६. रक्त घेतल्यापासून निदानापर्यंत सरासरी १४.२ वर्षं गेली होती. आधी काय झालं आणि मागून काय, हे रुग्णाच्या आठवणीवर सोडावं लागलं नाही. गटातूनच केस आणि कंट्रोल निवडण्याच्या या पद्धतीत मला सगळ्यात मोल वाटतं ते याचं.

आता तुझं वाक्य. एखाद्या बाईचं निदान ज्या दिवशी झालं, त्या दिवशी गटात असलेल्या, तोवर रोग न झालेल्या सगळ्यांतून चिठ्ठी काढायची. त्यातली एखादी पाच वर्षांनी स्वतःच केस झाली तर? होऊ दे. ती आधी कंट्रोल, मग केस, दोन्हीकडे मोज. शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेल्यांनाच घेतलंस, तर भविष्य पाहून निवड केल्यासारखं होतं आणि आकडा एका बाजूला झुकतो. लुबिन आणि गेल यांनी १९८४ मध्येच हे दाखवलं आहे. चिठ्ठी नीट काढलीस, तर तुझा ऑड्स रेशो थेट दरांचं गुणोत्तर सांगतो. ‘रोग दुर्मीळ आहे असं धरून’ हे पालुपद मग लावावं लागत नाही.

एका केसमागे दहा कंट्रोल कशाला? ढोबळ हिशेबाने एक कंट्रोल घेतला तर पूर्ण गटाच्या मानाने ५० टक्के माहिती हाती येते, चार घेतले तर ८०, पाच घेतले तर ८३. चारवर थांब. गोठवलेलं सीरम काही परत भरत नाही.

आणि माझी एक जुनी फजिती. उमेदवारीच्या काळात मी केसेसच्या सगळ्या नळ्या एका दिवशी लावल्या आणि कंट्रोलच्या पुढच्या आठवड्यात, नव्या लॉटच्या किटवर. फरक भलताच सुरेख आला. तो किटचा होता. सहा महिने पाण्यात गेले. तू केस आणि तिचे कंट्रोल एकाच प्लेटवर लाव, आणि कोणती नळी कोणाची हे तंत्रज्ञाला कळू देऊ नकोस.

एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी तिसरं पान नव्याने लिहून मला पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका