नीट हुकली म्हणून केमिस्ट्री सोडू नका

निकाल लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगावहून एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. "सर, मार्क कमी पडले. लातूरला एक वर्ष रिपीट करू द्यावं का?" काही घरांत हा प्रश्न दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे. मुलाची स्वतःची इच्छा असेल आणि मार्क कटऑफच्या जवळ असतील, तर एकदा रिपीट करा. तिसरा प्रयत्न नको. 2024 साली 23 लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. हा हिशोब पोराच्या मेहनतीने बदलत नाही. शेत विकून परदेशी एमबीबीएसला पाठवायचा विचार तर आधी मनातून काढा. परत आल्यावर इथली परीक्षा पास झाल्याशिवाय डॉक्टरकी करता येत नाही.

फार्मसी, नर्सिंग, ॲग्री, इंजिनीअरिंग, हल्लीचं एआय यांची माहिती प्रत्येक क्लासच्या दारात मिळते, ती मी पुन्हा देत नाही. औंढा तालुक्यात लिगो येतंय म्हणून पोराला फिजिक्सला घालू का, असंही विचारतात. आवड असेल तर जरूर घाला. पण ती गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे, गावोगावच्या पोरांना नोकऱ्या देणारा कारखाना नाही.

मला बोलायचंय ते बी.एस्सी. केमिस्ट्रीबद्दल. कुठंच नंबर लागला नाही म्हणून घ्यायची डिग्री, अशी तिची आपल्याकडे ओळख झाली आहे, आणि ती चुकीची आहे.

केमिस्ट्री काय करते ते मोबाइलमध्येच पाहा. महागड्या मोबाइलचा स्क्रीन आज बहुधा ओएलईडी असतो. त्याच्या मागे दिवा नसतो, वीज मिळाली की रेणूच उजेड देतात. 1987 मध्ये कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ॲल्युमिनियमचं एक संयुग वापरून हे करून दाखवलं. अडचण अशी होती की साध्या सेंद्रिय रेणूत विजेने निर्माण होणाऱ्या उत्तेजित अवस्थांपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रकाश देतो, बाकीची ऊर्जा उष्णतेत जाते. 1998 मध्ये अमेरिकेतल्या फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटांनी प्लॅटिनमचं संयुग वापरलं आणि तो उरलेला पाऊण हिस्साही उजेडात आणता येतो हे सिद्ध केलं. पाठोपाठ इरिडियम आलं. जड धातू मध्ये बसला की एरवी बंद असलेली वाट खुली होते.

लाल आणि हिरवा रंग असा मिळाला, निळा मात्र अडला. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते. तेवढ्या ऊर्जेत धातू आणि त्याला जोडलेले भोवतीचे रेणू, म्हणजे लिगँड, यांच्यातला बंध सैल होतो, एखादा लिगँड सुटतो आणि रेणू मरतो. म्हणून धातूला घट्ट धरणारे कार्बीनसारखे लिगँड जोडतात, किंवा एकच मोठा लिगँड असा घडवतात की तो प्लॅटिनमला चारही बाजूंनी पकडून ठेवेल. इरिडियम दुर्मीळ आणि फार महाग, म्हणून तांब्यावरही काम चालू आहे. पण तांब्याचा रेणू उत्तेजित झाला की आकार बदलतो, आणि तो बदलू नये अशी रचना शोधावी लागते. टिकाऊ निळा रेणू हा या क्षेत्रातला आजचा मोठा प्रश्न आहे.

या सगळ्या केमिस्ट्रीची सुरुवात बारावीच्या कोऑर्डिनेशन कंपाउंड्सच्या धड्यात आहे. लिगँड, क्रिस्टल फील्ड स्प्लिटिंग, सगळं तिथंच येतं. नीटच्या तयारीत हा धडा चार ट्रिकांमध्ये उरकला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे फक्त परदेशात चालतं असं समजू नका. नागपुरात संजय ढोबळे आणि एन. थेजो कल्याणी या संशोधकांनी युरोपियम या धातूची लाल प्रकाश देणारी संयुगं ओएलईडीसाठी अभ्यासली आणि या विषयावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं.

रस्ता लांब आहे, हे लपवणार नाही. बी.एस्सी., एम.एस्सी., पीएचडी मिळून दहा वर्षं धरा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी केली तर एम.एस्सी. आयआयटीत करता येते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. डिस्प्लेचे मोठे कारखाने कोरिया आणि चीनमध्ये आहेत, त्यामुळे ओएलईडीची नोकरी घराजवळ मिळेल अशी आशा ठेवू नका. पण हवा लागू न देता संयुग बनवणं, ते शुद्ध करणं, रेणूची रचना ओळखायला एनएमआर वाचणं हे हातात बसलं की औषध कंपन्यांनाही तोच माणूस हवा असतो. तिथंही पॅलेडियमसारखे धातू उत्प्रेरक म्हणून रोज लागतात. ज्याला लॅबमध्ये उभं राहायचा कंटाळा येतो, त्याने मात्र इकडे येऊ नये.

आता पालकांसाठी, थोडं कडक. हळदीचे आलेले पैसे क्लासच्या फीत सलग तीन वर्षं घालणारे वडील पोरीने एम.एस्सी.चं नाव काढताच "मग लग्न कधी?" असं विचारतात. रिपीटची वर्षं तुम्हाला चालतात, शिक्षणाची चालत नाहीत. तुमचं अपुरं राहिलेलं स्वप्न मुलांवर लादू नका. घरात गप्प बसणारं, जेवण टाळणारं पोर "आळशी झालंय" म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे न्या.

आणि ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजची केमिस्ट्री लॅब स्वतः पाहा. प्रॅक्टिकल दर आठवड्याला होतात का, हे शिक्षकांना नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. होत नसतील तर ते कॉलेज घराजवळ असलं तरी सोडा, आणि नांदेड किंवा संभाजीनगरला चौकशी करा.