लाकडावरचे अक्षर : लेसर-अंकनाचा एक अभ्यास

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रावर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका फळीत आहे. माझ्या आजोळचे जुने घर पाडले, तेव्हा माजघराच्या दाराची सागवानी फळी मामांनी बाजूला काढून ठेवली. दीड फूट लांब, सहा इंच रुंद एवढाच तिचा धड भाग उरला होता. त्यावर आजोबांचे नाव घालून ती नव्या घराच्या दाराशी लावावी, अशी आजीची इच्छा होती. मामांचे सुतारकामाचे छोटे दुकान आहे. तेथील सीएनसी यंत्राला लेसरचा जोड नुकताच बसवला होता. सुटीत ते काम मी अंगावर घेतले. त्यात जे शिकले, चुकले आणि पुन्हा शिकले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

यंत्राचा परिचय

सीएनसी म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारे यंत्र. आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ साली असे पहिले यंत्र दाखवण्यात आले. त्याला आज्ञा मिळत त्या भोके पाडलेल्या फितीवरून. आज फीत गेली, आज्ञा मात्र त्याच पद्धतीच्या आहेत. डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी यंत्राचे डोके सरकते. त्यात फिरते पाते बसवले की ते लाकूड कोरते. त्याच डोक्याच्या बाजूला लेसरची डबी बसवली की ते लाकडावर प्रकाशाने लिहिते.

लेसरच्या मुळाशी असलेले तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले होते. पहिला प्रत्यक्ष लेसर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाचा स्फटिक वापरून सिद्ध केला. लाकूड, कातडे, काच यांवर काम करण्यास पुढे फार उपयोगी पडलेला कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मामांच्या यंत्रावरचा लेसर मात्र वायूचा नव्हे. तो अर्धवाहक डायोडचा, निळ्या प्रकाशाचा, सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि ५ वॅट प्रकाशशक्तीचा आहे. येथे खरेदी करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाहिरातीतील मोठा आकडा पुष्कळदा डबी किती वीज खाते याचा असतो; बाहेर पडणारा प्रकाश त्याच्या काही अंशच असतो.

कोरणे की भाजणे?

आपण सरसकट ‘लेसरने कोरले’ असे म्हणतो. वास्तविक हे कोरणे नव्हे. पटाशी लाकडाचे तंतू कापते व ढलपी बाहेर काढते. किरण तंतूंना तापवतो. साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडातील घटक विघटित होऊ लागतात. रंग प्रथम पिवळट, मग तपकिरी, मग काळा होतो, आणि उष्णता फार झाली की लाकूड धूर होऊन निघून जाते व मागे कोळसा राहतो. तापल्या सळईने लाकडावर डाग देण्याची जी जुनी रीत आहे, तिचेच हे बारीक रूप म्हणावे लागेल.

म्हणूनच प्रत्येक लाकडाचा स्वभाव येथे उघडा पडतो. पाइनच्या फळीवर एकसारखा पट्टा भाजायला घ्यावा, तर त्यात लाटा उमटतात. त्या झाडाच्या वार्षिक वलयांत एक भाग मऊ आणि एक घट्ट असतो. मऊ भाग पटकन खोल जळतो, घट्ट भाग दाद देत नाही. सागात अंगचे तेल असते. त्याचा धूर अक्षराच्या कडेला पिवळा डाग धरतो. त्यावर सुताराच्या दुकानातला सोपा उपाय म्हणजे फळीवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावरूनच लिहावे आणि शेवटी ती सोलून काढावी. प्लायवुडमध्ये मधल्या थराचा डिंक आडवा येतो. यंत्र एकच, आज्ञा एकच, पण प्रत्येक फळीचे उत्तर निराळे.

शक्ती, वेग आणि नाभी

भाजण्याची मात्रा ठरते ती शक्ती आणि वेग यांच्या प्रमाणावर. उदाहरण घेऊ. ५ वॅटचा किरण मिनिटाला १५०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर सरकला, तर दर मिलिमीटरला ०.२ ज्यूल उष्णता मिळते. वेग दुप्पट केला की ती निम्मी होते. पण हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा किरण नाभीत असतो. भिंगापासून ठराविक अंतरावर किरणाचा ठिपका सर्वांत लहान, सुमारे ०.१ मिलिमीटर असतो. फळी थोडी वर किंवा खाली गेली की ठिपका पसरतो, धार जाते, काळे अक्षर भुरके होते. सीएनसी यंत्राचा येथे मोठा फायदा आहे, कारण वर-खाली सरकणारे डोके हे अंतर नेमके साधून देते.

भरीव आकृती काढताना किरण नांगरासारखा ओळीओळीने जातो. मिलिमीटरमध्ये दहा ओळी धरल्या, तर १०० मिलिमीटर लांब आणि ४० मिलिमीटर रुंद पट्ट्यात ४०० ओळी होतात. किरणाला ४० मीटर चालावे लागते. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने त्याला तेरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, शिवाय वळण्याचा वेळ वेगळा.

या वळणाने मला पहिला धडा दिला. माझ्या पहिल्या नमुन्यात पट्ट्याच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा काळ्या आल्या. कारण साधे होते. ओळ संपताना यंत्र वेग कमी करते, थांबते, मग उलट निघते; तेवढ्या क्षणात किरण एका जागी जास्त रेंगाळतो. यावर उपाय दोन. डोक्याला ओळीच्या थोडे पुढे जाऊन, किरण बंद ठेवून वळू द्यावे. किंवा वेग कमी होताच शक्तीही त्याच प्रमाणात कमी होईल अशी आज्ञा द्यावी. अनेक छोट्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या जीआरबीएल या प्रणालीत लेसरची स्थिती चालू करून एम-४ ही आज्ञा दिली की हे साधते.

म्हणून खऱ्या फळीला हात लावण्यापूर्वी नमुनापट्टी करावी. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आडव्या रांगेत २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के शक्ती आणि उभ्या रांगेत निरनिराळे वेग घेऊन पंचवीस चौकोन भाजावेत. हवी ती छटा मग बोट ठेवून निवडता येते.

देवनागरीची अडचण

आजोबांच्या नावात एक अनुस्वार आणि एक रफार आहे. नमुन्यात अनुस्वार शिरोरेषेला जाऊन चिकटला व रफाराची वाटी कोळशाने बुजली. किरणाची रेघ कागदावरच्या रेघेपेक्षा थोडी रुंद भाजते, हे मी हिशेबात धरले नव्हते. रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात. आपल्या लिपीत वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि खाली उकार अशी दाटी असते. म्हणून अनुस्वार मुद्दाम थोडा वर उचलावा, जोडाक्षरांच्या पोटातील मोकळी जागा वाढवावी आणि बारीक-जाड वळणाचा टंक टाळावा.

खरी चूक

या साऱ्या तयारीनंतर फळीला रंधा मारून मी नाव भाजले. अक्षरे काळीभोर, रेखीव आली. मामाही खूष झाले. फळी आजीच्या मांडीवर ठेवली. काचबिंदूमुळे तिला आता फारसे दिसत नाही. तिने डावीकडून उजवीकडे हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, “गुळगुळीत झालीय गं छान. नाव कुठे आहे?”

मी महिनाभर छटांचा अभ्यास केला. वाचणार कोण, याचा विचार केला नाही. माझे अक्षर दिसणारे होते, हाताला लागणारे नव्हते. आणखी दोन-तीन वेळा किरण फिरवून खोली येईल असे वाटले, म्हणून तुकड्यावर करून पाहिले. पण वरचा कोळसा खालच्या लाकडाला उष्णता नीट पोचू देत नाही, कडा करपतात आणि खोली नखाएवढीही येत नाही.

मामा म्हणाले, “अगं, हा नुसता जोड आहे. मूळ यंत्र कशासाठी आहे?” तेव्हा उलगडा झाला. फळीची दुसरी बाजू शिल्लक होती. तिच्यावर ३ मिलिमीटर व्यासाच्या पात्याने अक्षरे ३ मिलिमीटर खोल कोरली. मग लेसरचे डोके तितकेच खाली घेऊन अक्षरांचे तळ भाजले. यात एकच काळजी फार महत्त्वाची. पाते आणि किरण यांच्या जागा एक नसतात. म्हणून आधी रद्दी तुकड्यावर पात्याने एक छिद्र पाडावे, डोके न हलवता किरणाने एक ठिपका द्यावा, आणि दोहोंतील अंतर दोन्ही दिशांनी मोजून आज्ञेत वजा करावे. फळी मात्र शेवटपर्यंत पकडीतून सोडू नये. सोडली की कोरलेले एकीकडे आणि भाजलेले दुसरीकडे होते.

सावधगिरी

हा किरण, किंवा चकचकीत वस्तूवरून परतलेला त्याचा अंशही, डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करतो. साधा काळा चष्मा येथे निरुपयोगी आहे. त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा हवा. यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये, कारण लाकूड पेट घेऊ शकते. पाणी आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे. धूर बाहेर काढणारा पंखा असावा. रेक्झिन किंवा पीव्हीसी यांवर किरण कधीही चालवू नये. त्यांतून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो.

समारोप

हातकाम श्रेष्ठ की यंत्रकाम, हा वाद आपल्या चर्चामंडळात नेहमी रंगतो. मला वाटते, प्रश्न तसा नाही. सुताराच्या पटाशीला लाकडाचा मऊपणा, गाठ, रेषेचा कल हातोहात कळतो. किरणाला स्पर्श नाही. त्यामुळे ते ज्ञान आपल्याला नमुनापट्टीवरून आधी मिळवावे लागते. आणि लिहिलेले कोणाच्या हाती जाणार आहे, हे तर पटाशीलाही कळत नाही, किरणालाही नाही. ते लिहिणाऱ्यानेच विचारायचे असते.

फळी आता दाराच्या उजव्या अंगाला आहे. आजी येता-जाता तिच्यावर हात ठेवते. अनुस्वारापाशी तिचे बोट क्षणभर थांबते. मागची बाजू भिंतीकडे आहे. तिथे माझे पहिले, गुळगुळीत अक्षर अजून तसेच आहे.